काचेची पेटी आणि लॉबीतलं पदक

पुण्यात मे महिन्यात स्वेटर कुठे घालतात? आयटी पार्कात! बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालेलं असतं आणि आत प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर एक जॅकेट टांगलेलं असतं. खिडकीजवळच्या रांगेत मात्र लोक घामाघूम, कारण पश्चिमेची काच तापलेली. एकाच मजल्यावर अर्धे कुडकुडतायत, अर्धे भाजतायत. आणि खाली लॉबीत रिसेप्शनच्या मागे चकचकीत पाटी: ही इमारत 'ग्रीन' आहे.

मी गेली बरीच वर्षं एसीच्या धंद्यात आहे. कुठल्या इमारतीला किती टन लागतील याचा हिशोब करणं हे माझं काम. (एसीवाल्याने एसीविरुद्ध बोलणं म्हणजे हलवायाने मधुमेहावर व्याख्यान देण्यासारखं आहे, असं आमचा आतेभाऊ म्हणतो. :-)) हाच आतेभाऊ आता आपली चाळीस माणसांची कंपनी एका नव्याकोऱ्या काचेच्या इमारतीत हलवायला निघालाय. नऊ वर्षांचा करार. "अरे, काच असली की क्लायंटवर छाप पडते," हे त्याचं म्हणणं. घरच्या सत्यनारायणाला यावरून आमचं इतकं वाजलं की आत्याने शेवटी दोघांच्या हातात प्रसादाच्या वाट्या देऊन विषय बंद केला. तिथे अर्धवट राहिलेलं इथे पूर्ण करतो.

आधी साधा हिशोब. उन्हाळ्यातल्या दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला ५००-६०० वॅट ऊन सहज पडतं. साधी पारदर्शक काच त्यातला सुमारे ८० टक्के भाग आत सोडते. म्हणजे १० चौरस मीटर काचेतून चार ते पाच किलोवॅट उष्णता आत! एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो. ऑफिसात अजून एक माणूस आलेला नाही, एक कॉम्प्युटर चालू झालेला नाही, आणि सव्वा टन एसी नुसत्या हौसेपायी खर्च झाला. महागातली काच घेतली तर हा आकडा पाव हिश्श्यावर येतो, मान्य. पण तीही चांगल्या भिंतीची बरोबरी करत नाही.

"पण उजेड आत येतो ना?" असं विचारणाऱ्यांनी दुपारी तीन वाजता अशा कुठल्याही ऑफिसात चक्कर मारावी. सगळे पडदे खाली ओढलेले आणि सगळे दिवे चालू! स्क्रीनवर उन्हाची तिरीप आली की माणूस दुसरं काय करणार? उजेडासाठी काच लावायची, उजेड नको म्हणून पडदा लावायचा, पडद्यामुळे अंधार झाला म्हणून दिवा लावायचा आणि दिव्याची उष्णता घालवायला पुन्हा एसी. या चार पायऱ्यांत प्रत्येक जण काहीतरी विकतो. माझ्यासकट.

उजेड हवा असेल तर उत्तरेकडून घ्या, खिडकीवर छज्जा घ्या. हे शिकायला परदेशात जायला नको. मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावरून चाला. इमारतींच्या खालच्या कमानींतून भर दुपारी सावलीतून जाता येतं. या व्यापारी इमारतीच होत्या, आणि बांधणाऱ्यांना ऊन-पाऊस म्हणजे काय ते कळत होतं. ल कॉर्बुझिए तर युरोपातून आलेला माणूस. त्याने १९५४ साली अहमदाबादेत गिरणीमालक संघाची इमारत पुरी केली. तिच्या पश्चिमेच्या अंगाला तिरक्या काँक्रीटच्या फळ्या आहेत, ऊन अडवायला. पाहुण्याला कळलं ते घरच्यांना का कळू नये?

बरं, ज्यांची नक्कल करतोय त्यांचं तरी काय? न्यूयॉर्कने मोठ्या इमारतींचा वीजवापर जाहीर करायला लावला, तेव्हा २०१२ साली एक मजेदार गोष्ट बाहेर आली. काचेच्या इमारतींचा आदर्श मानली जाणारी १९५८ ची सीग्रॅम बिल्डिंग शंभरात ३ गुणांवर होती. १९३१ ची एम्पायर स्टेट ८० वर आणि १९३० ची क्रायस्लर ८४ वर. या दोन म्हाताऱ्यांची डागडुजी झाली होती हे खरं. पण जाड भिंत आणि बेताच्या खिडक्या असलेल्या इमारतीची डागडुजी करून काही हाती तरी लागतं.

मग इकडे काच थांबत का नाही? कारण सोपं आहे. इमारत बांधतो एक आणि बिल भरतो दुसरा. बिल्डरला भिंत लवकर उभी करायची असते आणि जाहिरातीत चकाकी हवी असते. पुढची तीस वर्षं वीज तो भरत नाही, भाडेकरू भरतो. छज्ज्यावर खर्च करून बिल्डरला काय मिळणार?

इथे ते लॉबीतलं पदक कामाला येतं. नव्या इमारतीला ते बहुधा आराखड्यावर आणि संगणकाने काढलेल्या अंदाजावर मिळतं. सायकल स्टँडचेही गुण असतात आणि नळांचेही. वाईट काहीच नाही त्यात. पण लग्नातला फोटो दाखवून विसाव्या वर्षी संसार कसा चाललाय ते सांगता येत नाही.

कायदा आहे का? आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची इमारतींसाठीची संहिता २००७ पासून आहे. २०१७ च्या आवृत्तीत भिंतीतल्या काचेचं प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत आणलं गेलं. पण राज्यांनी अधिसूचना काढल्याशिवाय ती बंधनकारक होत नाही. त्याच ब्यूरोची ऑफिसांसाठीची स्टार योजना २००९ पासून आहे आणि ती चक्क वर्षभराच्या खऱ्या वापरावर चालते: दर चौरस मीटरला वर्षाला किती युनिट. पण ती ऐच्छिक. ज्याचा आकडा वाईट तो कशाला पुढे येईल?

"मग काय घामात काम करायचं?" असं आतेभावाने विचारलंच होतं. मुळीच नाही. हैदराबादेत इन्फोसिसने २०११ च्या सुमाराला एकाच इमारतीचे दोन सारखे भाग केले. एकात नेहमीचं उत्तम एसी, दुसऱ्यात स्लॅबमधून गार पाणी फिरवून गारवा. दुसऱ्या भागाला गारव्यासाठी ३४ टक्के कमी वीज लागली. मुळात आधी त्यांनी भिंती आणि खिडक्या नीट करून घेतल्या होत्या, म्हणून हे जमलं.

माझी मागणी एकच आहे. पदक राहू द्या, पण त्याच्या शेजारी गेल्या वर्षीचा युनिटांचा आकडा लावा. सक्तीने. न्यूयॉर्कमध्ये २०२० पासून मोठ्या इमारतींना दारावर ए-बी-सी-डी श्रेणी लावावी लागते. आपल्याकडे घरच्या फ्रिजला तारे सक्तीचे आणि वीस मजली इमारतीला मर्जीवर, हा कुठला न्याय?

आणि आतेभावा, तू वाचतोयस हे मला माहीत आहे. समज, तुझी जागा ३०० चौरस मीटर. दोन इमारतींत दर मीटरला वर्षाला ६० युनिटांचा फरक धर आणि युनिटला १२ रुपये. वर्षाला दोन लाखांच्या वर, नऊ वर्षांत साडेएकोणीस लाख. एवढ्या पैशांत एका माणसाला कित्येक वर्षं पगार देता येईल. सही करायच्या आधी फक्त तीन प्रश्न विचार. गेल्या वर्षी दर मीटरला युनिट किती जळले? पश्चिमेला सावली कशाची आहे? आणि एकही खिडकी उघडते का?

उत्तरं मिळाली नाहीत तर तेही उत्तरच समज.