टाकीचं भोक

म्हैसूरहून हुणसूरकडे निघालं की येलवाल लागतं. तिथे रस्त्याकडेला सांगलीचा एक जुना ट्रक उभा होता; चालवणारे निवृत्त हवालदार. रात्री चोरांनी टाकीला ड्रिलने भोक पाडून डिझेल काढून नेलं होतं. भोकावर साबण दाबून ते वेल्डिंगवाला शोधत होते. मी थांबवलं. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून घातक. तळाला उरलेल्या डिझेलची वेल्डिंगच्या धगीने वाफ होते आणि टाकी फुटते. आधी टाकी उतरवून धुवायची, ड्रिलचा कीस काढायचा, फिल्टर बदलायचा, शेवटी लाइनमधली हवा काढायची. कीस पंपात गेला तर खर्च चोरीच्या कितीतरी पट.

“साहेब, कुलूप होतं हो!” ते म्हणाले.

कुलूप झाकणाला होतं, भोक तळाला. फौजेतही डिझेल चोरीला जातं. तिथे ड्रिल लागत नाही, लॉगबुकात किलोमीटर वाढवले की झालं. म्हणून टाकीत पट्टी घालून डिझेल मोजणं आणि लॉगबुकाशी ताडून पाहणं हे अधिकाऱ्याचंच काम, असं माझं ठाम मत आहे.

याच येलवालला १९५७ साली विनोबांच्या ग्रामदानासाठी राजेंद्रप्रसाद आणि नेहरू आले होते. आपलं देणं फार मोठी गोष्ट. दुसऱ्याचं न घेणं एवढं तरी आपण जमवू.