एक तारखेला कोरेगाव, दोन तारखेला सिद्धगड

सुट्टी लागली की पांढरपेशा माणूस देशभक्त होतो. पोराबाळांना घेऊन तोफा बघायला निघतो. तोफेवर पोरगं बसवतो, फोटो काढतो, भेळ खातो, घरी जातो. तोफ कुणी ओढली, कुणावर डागली, हे विचारायची त्याला गरज पडत नाही. आपल्याला पडते. म्हणून हे लिहितोय, दोस्तहो.

मी मुरबाडचा. शहापूर-मुरबाडची आमची पोरं आसनगावची लोकल नाहीतर कल्याणची एसटी पकडून मुंबई गाठतात. आता कल्याणातच युद्धनौका आलीय. टी-८०. १९९८ साली नौदलात दाखल झालेली, निवृत्तीनंतर दुर्गाडीच्या खाडीकाठी आणून ठेवलेली. शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात याच खाडीत, ही त्यामागची आठवण. जरूर बघा. पण ते आरमार कुणी वल्हवलं तेही पोरांना सांगा. मायनाक भंडारी, दौलतखान, किनाऱ्यावरचे कोळी, भंडारी. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो म्हणणाऱ्यांच्या हातात वल्हं नव्हतं.

विक्रांत आठवते का? १९७१ च्या लढाईत तिच्यावरून विमानं उडाली, चितगाव-कॉक्सबाजारवर गेली. १९९७ ला निवृत्त झाली, २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना दाखवली. २०१२ ला धोकादायक ठरवून दारं बंद. २०१४ ला सुमारे साठ कोटींना भंगारात. दारुखान्यात तिचे तुकडे पडले. पोलाद वितळवून मोटरसायकली निघाल्या आणि देशभक्तीच्या नावानं खपल्या. एवढं मोठं जहाज सरकारला सांभाळता आलं नाही, तर गरिबाच्या हुतात्म्याला कोण सांभाळणार? ते आपल्यालाच करावं लागणार.

नाविकांचंच बघा. १८ फेब्रुवारी १९४६. 'तलवार' हे नाव जहाजासारखं, पण ती होती कुलाब्यातली सिग्नलची शाळा. तिथल्या पोरांनी सडक्या जेवणावरून आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्यांवरून काम बंद पाडलं. बघता बघता ७८ जहाजं, सुमारे २० हजार नाविक. काँग्रेसचा, लीगचा आणि लाल, तिन्ही झेंडे एकत्र चढले. गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, गोळीबारात मुंबईत दोनशेहून जास्त माणसं पडली. पटेल आणि जीना, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, दोघांनीही सांगितलं, शरण जा. २३ तारखेला संप मागे घेतला गेला. ज्यांना तेव्हा बडतर्फ केलं त्यांना स्वतंत्र भारताच्या नौदलानंही परत घेतलं नाही. कुलाब्याला त्यांचं स्मारक आहे. गेटवेला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे?

आता आपल्या दगडाकडे येतो. कोरेगाव भीमा, १ जानेवारी १८१८. कंपनी सरकारनं स्तंभ उभारला तो स्वतःच्या विजयासाठी, आपल्या प्रेमापोटी नव्हे. पण मेलेल्यांची नावं कोरताना महार सैनिकांची २२ नावं त्या दगडावर आली. शेवटी 'नाक' असलेली. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता त्यांची नावं गोऱ्यानं कोरली, आणि त्याच गोऱ्यानं १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. गरज सरो, वैद्य मरो. गोपाळबाबा वलंगकरांसारखे निवृत्त सैनिक त्याविरुद्ध अर्ज करत राहिले. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले आणि कंपनीचा दगड आपला झाला. १९४१ ला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या टोपीच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. २०१८ ला तिथे निघालेल्यांवर दगडफेक झाली. का? दगडावरचं नाव आपण वाचायला लागलो म्हणून.

मग आपल्याला ऐकवतात, तुम्ही इंग्रजांचा विजय साजरा करता, तुम्ही देशद्रोही. याचं उत्तर माझ्या तालुक्यात उभं आहे, आणि आपण तिकडे फिरकत नाही, हे माझं भांडण आहे.

२ जानेवारी १९४३. मुरबाड तालुक्यातला सिद्धगड. तिथल्या जंगलात इंग्रजांच्या पोलिसांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना गोळ्या घातल्या. भाई कोतवाल माथेरानच्या न्हाव्याचा मुलगा. वकील झाला. गोरगरिबांच्या पोरांसाठी शाळा काढल्या. शेतकरी सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून धान्यकोठ्या काढल्या. १९४२ ला भूमिगत होऊन 'आझाद दस्ता' उभा केला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. गेला तेव्हा वय तीस. हिराजी पाटील कर्जत तालुक्यातला, मानिवलीचा.

दरवर्षी २ जानेवारीला पहाटे तिथे मानवंदना होते. पुढारी येतात, हार घालतात, भाषण ठोकतात. कोतवाल कुठल्या जातीत जन्मला, सावकारांशी का भिडला, यावर चकार शब्द नाही. हुतात्मा म्हटलं की त्याची जात, त्याची भूक, त्याचं भांडण सगळं धुऊन टाकायचं, ही प्रस्थापितांची जुनी खोड. आणि आपण? काँग्रेसवाल्यांचा कार्यक्रम म्हणून घरी. न्हाव्याच्या पोराला आपण त्यांच्या पदरात फुकट टाकलाय.

१८१८ ला आपला माणूस पेशवाईविरुद्ध उभा राहिला. १९४३ ला न्हाव्याचा मुलगा इंग्रजाविरुद्ध उभा राहिला. दोघांनाही माणूस न मानणारं राज्य नको होतं. हे दोन दगड जोडले की देशद्रोहाचा आरोप करणाऱ्याची बोबडी वळेल. वेगवेगळे ठेवले तर दोन्ही दगड त्यांच्याच कामी येतील.

म्हणून माझी साधी सूचना. एक तारखेला कोरेगावला जाताच. तिथून मुंबईकडे सरळ पळू नका. नारायणगाव, आळेफाटा करून रात्री माळशेज घाट उतरा. टोकावडे, सरळगाव, मुरबाड. तिथून म्हशावरून सिद्धगड. पहाटे मानवंदनेला आपला निळा झेंडाही दिसू दे.

येताना वही आणा. पायथ्याच्या वाड्यांत म्हातारी माणसं भेटतील, त्यांच्याजवळ बसा. आझाद दस्त्याला भाकरी कुणी पोचवली, वाट कुणी दाखवली, मार कुणी खाल्ला, विचारा. त्या आयाबायांची नावं कुठल्या दगडावर आहेत? नसतील तर वहीत लिहा, आपल्या अंकात छापा. आणि परतीच्या गाडीत हेही बोला की तानसा आणि भातसा धरणांखाली शहापूरच्या ज्यांच्या जमिनी गेल्या, ज्यांच्यामुळे मुंबई पाणी पिते, त्यांचा खांब कुठे आहे? शहापुरात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसणारी बाई कुठल्या लढाईत जखमी झालीय?

दगड आपोआप बोलत नाही. नाव मोठ्यानं वाचावं लागतं.

जय भीम!