विश्लेषण : पावले मोजल्याने व्यायामाची सवय टिकते का?

मनगटावरचे स्मार्ट घड्याळ आणि मोबाइलमधील पावलांचा आकडा आता अनेकांच्या दिनक्रमाचा भाग झाला आहे. काही कार्यालये आणि विमा कंपन्या पावलांच्या बदल्यात बक्षिसे वा सवलतीही देतात. पण रोजच्या नोंदीतून व्यायामाची कायमची सवय लागते का?

भारतासाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. २००० मध्ये हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. महिलांमध्ये ते ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरकस हालचाल हा निकष आहे. मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका याच्याशी थेट जोडलेला आहे.

नोंद ठेवल्याने फरक पडतो?

पडतो. ‘जामा’मध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या २६ अभ्यासांच्या आढाव्यात पावले मोजणारे लोक दिवसाला दोन हजारांहून अधिक पावले जास्त चालत असल्याचे दिसले. मात्र वाढीचा संबंध ठरावीक लक्ष्य ठेवण्याशी होता. २००९ मधील आणखी एका व्यापक विश्लेषणाचा निष्कर्षही तसाच आहे: लक्ष्य ठरवणे, त्याचा वेळोवेळी आढावा घेणे यांपैकी एखाद्या गोष्टीची जोड मिळाली, की स्वतः ठेवलेली नोंद अधिक परिणामकारक ठरते.

मग घड्याळे कपाटात का जातात?

सिंगापूरमध्ये ८०० कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. रोख बक्षीस होते तोवर त्या गटाची हालचाल वाढलेली होती. बक्षीस थांबताच हा फायदा ओसरला. वर्षअखेरीस यंत्र मिळालेल्यांपैकी जेमतेम १० टक्के लोक ते वापरत होते. चालण्याचे कारण बाहेरून आलेले असेल, तर ते कारण संपताच चालणेही मागे पडते, असा याचा अर्थ.

परिणाम टिकला कुठे?

लंडनमधील ‘पेस-अप’ या प्रयोगात ४५ ते ७५ वयोगटातील, पुरेसा व्यायाम न करणाऱ्या सुमारे एक हजार लोकांचा समावेश होता. त्यांच्यापैकी काहींना साधे पावले मोजणारे यंत्र, माहितीपुस्तिका आणि नोंदवही देण्यात आली. कार्यक्रम १२ आठवड्यांचाच होता. तरीही तीन वर्षांनंतर हे लोक इतरांपेक्षा दिवसाला सुमारे ६०० पावले अधिक चालत होते. विशेष म्हणजे, साहित्य टपालाने मिळालेले आणि परिचारिकेचे मार्गदर्शन लाभलेले या दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. म्हणजेच महागड्या यंत्राविनाही हे साधते.

दहा हजार पावले आवश्यकच का?

नाही. हा आकडा १९६५ मध्ये जपानी कंपनीने विकलेल्या ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावले मोजणारे यंत्र’, या नावातून रूढ झाला. सरासरी ७२ वर्षे वयाच्या अमेरिकी महिलांच्या २०१९ मधील अभ्यासात, रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांहून बरेच कमी आढळले. साधारण ७,५०० पावलांनंतर फायद्यात विशेष वाढ दिसली नाही.

सुरुवात कशी करावी?

पहिला आठवडा काहीही न बदलता केवळ नोंद ठेवावी. त्या सरासरीत थोडी भर घालून पुढचे लक्ष्य ठरवावे आणि चालण्याची वेळ शक्यतो एकच ठेवावी. घड्याळ नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर चाललेली मिनिटे लिहिली तरी पुरे. हृदयविकार किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सवय २१ दिवसांत लागते, या समजालाही आधार नाही. लंडनमध्येच ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस, मध्यमान ६६ दिवस, लागले. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. म्हणून रिकामा राहिलेला रकाना पाहून नोंद सोडू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायला निघावे.