हक्क 1902चा, प्रवेश 1943चा

16 डिसेंबर 1903. ऑस्ट्रेलियाच्या संसदेची ही दुसरीच निवडणूक. व्हिक्टोरियात सिनेटसाठी मत द्यायला आलेल्यांना मतपत्रिकेवर पुरुषांच्या रांगेत एका बाईचंही नाव दिसलं: विडा गोल्डस्टीन. तिच्या नावासमोर 51,497 फुल्या पडल्या. तेवढ्यानं सिनेट गाठता आलं नाही, पण ही मतं थोडी नव्हती.

त्याच दिवशी न्यू साउथ वेल्समध्ये नेली मार्टेल आणि मेरी मूर-बेंटली सिनेटसाठी, तर सेलिना अँडरसन कनिष्ठ सभागृहासाठी उभ्या होत्या. चौघीही पडल्या.

वाट मोकळी केली होती 1902च्या कायद्यानं. न्यूझीलंडनं 1893मध्ये बायकांना मत दिलं, पण उमेदवारी दिली 1919मध्ये. ऑस्ट्रेलियानं राष्ट्रीय पातळीवर दोन्ही हक्क एकदमच दिले. तरी व्हिक्टोरियाच्या स्वतःच्या विधिमंडळासाठी मत द्यायला गोल्डस्टीन यांना 1908 उजाडावं लागलं. देशाच्या संसदेची उमेदवार असलेल्या बाईला आपल्याच प्रांतात मत नव्हतं!

या कायद्याला काळी बाजूही होती. आदिवासी आणि आशियाई रहिवाशांना, मोजके अपवाद सोडता, त्यानं मतदानाबाहेर ठेवलं. तिथल्या भारतीयांसाठी श्रीनिवास शास्त्री 1922मध्ये ऑस्ट्रेलियाभर बोलत फिरले. गोखल्यांनी पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे ते अध्यक्ष. 1925मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्यांना मत मिळालं. सर्व आदिवासींना मतदार यादीत नाव घालण्याचा हक्क मात्र 1962मध्ये आला.

गोल्डस्टीन एकूण पाच वेळा लढल्या, 1903 ते 1917. पक्षाच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही, हा त्यांचा बाणा होता आणि तो मानाचाच होता. पण पाचही वेळा त्या हरल्या. फिनलंडमध्ये 1907 साली पक्षांनी आपल्या याद्यांत बायकांना घेतलं आणि 200 जागांवर 19 जणी पहिल्याच फटक्यात निवडून आल्या. ऑस्ट्रेलियात एनिड लायन्स आणि डोरोथी टँग्नी संसदेत पोहोचल्या 1943मध्ये, दोघीही मोठ्या पक्षांच्या तिकिटावर. मधली 40 वर्षं कायदा आडवा आला नव्हता. मोठ्या पक्षांनी जिंकण्याजोग्या जागा बायकांना सोडल्या नव्हत्या.

आपल्याकडचं दुखणंही तेच आहे. 2024च्या लोकसभेत 543पैकी 74 स्त्रिया निवडून आल्या. महाराष्ट्रातून 48पैकी 7. 'चांगल्या उमेदवार मिळत नाहीत' ही पक्षांची सबब टिकत नाही. याच राज्यात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत आणि त्या जागांवर सरपंच, नगरसेविका, जिल्हा परिषद सदस्या कारभार करताहेत. लोकसभा आणि विधानसभांसाठी 2023मध्ये संमत झालेलं एक तृतीयांश आरक्षण जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला जोडलं गेलं. पण तिकीट देण्यासाठी कुठल्याही पक्षाला त्या आरक्षणाची वाट पाहण्याची गरज नाही. पुढच्या विधानसभेच्या पहिल्या यादीतच प्रत्येक पक्षानं तिसरा हिस्सा बायकांना द्यावा, आणि तोही पडेल जागांवर नव्हे, जिथे आमदार आपलाच येतो अशा मतदारसंघांत.