हमालाला गल्ल्याची किल्ली कशाला?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा हमाल वेगळा, वजन करणारा तोलाईदार वेगळा, हिशेब बघणारा अडत्या वेगळा. हमाल कितीही विश्वासू असो, गल्ल्याची किल्ली त्याला कुणी देत नाही.

सर्व्हरवर आपण मात्र रोज देतो!

फेडोरा, रेड हॅटवर एसईलिनक्स असतं. रूट असलात तरी पॉलिसीत नाही ते करता येणार नाही, ही त्यातली खरी गंमत. अपाचे त्यात नीट बांधलेला. पण आरपीएम आणि पॅकेजमधल्या स्क्रिप्ट? त्यांना डोमेन नावापुरतं. नेहमीच्या ‘टार्गेटेड’ पॉलिसीत त्या मोकाटच. म्हणजे साध्या फॉन्टच्या पॅकेजची स्क्रिप्टसुद्धा पासवर्डच्या फाइलला हात लावू शकते.

"सही तपासतो ना!" म्हणाल. सही पाठवणारा कोण ते सांगते, पोत्यात काय आहे ते नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये एनपीएमवर ‘यूए-पार्सर-जेएस’च्या लेखकाचं खातं चोरांनी बळकावलं. इन्स्टॉल करतानाच चालणाऱ्या स्क्रिप्टमधून क्रिप्टोमायनर घुसला. पॅकेज आलं खऱ्याच खात्यावरून!

मान्य, कर्नलच्या पॅकेजला जास्त अधिकार लागतात. मग त्यालाच द्या ना. आरपीएम ४.१९ पासून (२०२३) युजर बनवायलाही वेगळी स्क्रिप्ट लागत नाही. उरलेल्यांना वेसण घालायला आता सबब नाही.

आणि आपण काय करतो? साताऱ्यातल्या ओळखीच्या एका ऑफिसात दर रीबूटनंतर ‘सेटएनफोर्स ०’ मारतात. का, तर एकदा एरर आली होती. अहो, ऑडिट लॉग वाचा, लेबल चुकलं असेल तर ‘रिस्टोरकॉन’ चालवा. कुलूप अडकलं तर तेल घालतात राव, दार काढून ठेवत नाहीत!