महाद्वार रोडवरचे सुटे
कोल्हापुरात अंबाबाईच्या महाद्वारासमोर ओटी घेऊन उरलेले सुटे परत घेताना शिवछत्रपतींची प्रतिमा असलेले १९९९ चे दोन रुपयांचे नाणे हाती लागू शकते. संग्राहकाची नजर आधी सालाखाली जाते: मुंबई टांकसाळीची खूण पत्त्यातल्या चौकटीसारखी, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका; कोलकात्याचे नाणे बिनखुणेचे. मग झीज पाहायची. उठाव जितका ठसठशीत, तितका भाव चढा. चिंचेने घासून लखलखीत केलेल्या नाण्याचा भाव पडतो, आणि नवशिका नेमके तेच करतो. नोट असेल तर तिच्यावरची सही, मागचे छपाईसाल आणि क्रमांकातला तारा तपासतात. छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी आलेल्या नोटेवर हा तारा असतो. ७८६ आकड्याच्या नोटेची किंमत निव्वळ श्रद्धेची, तरी तिला गिऱ्हाईक मिळते.