गप्प बसवलेली एरर

मंडळी, निवृत्तीनंतर मी नातवाच्या नादाने प्रोग्रॅमिंग शिकतोय, हे घरच्यांना ठाऊक आहेच. वाचनालयाची पुस्तकं संगणकावर चढवायचं काम आम्ही दोघांनी अंगावर घेतलं. जावा आणि स्प्रिंग बूट. 'पुस्तक' हा एक तक्ता, 'लेखक' हा दुसरा, आणि पुस्तकाला लेखकाचा दुवा.

नवीन पुस्तक पाठवलं की सर्व्हर ४०० क्रमांकाची एरर देई. कारण साधं होतं. जेसनमध्ये लेखकाच्या जागी आम्ही नुसता ७ हा क्रमांक पाठवत होतो. जेसन वाचणाऱ्या जॅक्सनला तिथे अख्खा लेखक हवा होता. साताचा लेखक कसा करायचा, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बिचारा तेवढंच म्हणत होता!

नातवाने लेखकाच्या फील्डवर 'जेसन-इग्नोर' लावलं. "आबा, गेली एरर!" गेली खरी. पण त्या दुपारी भरलेली ४० पुस्तकं डेटाबेसात बिनलेखकाची पडली. इग्नोर म्हणजे देताना नको, तसंच घेतानाही नको.

"सगळे असंच करतात," हे त्याचं उत्तर. हेच मला पटत नाही. चुकलेल्या गणितावर शाई सांडली म्हणून ते बरोबर येत नाही. एरर हा शत्रू नव्हे, ती वहीवरची लाल खूण आहे.

दुसरी पळवाट म्हणजे आत फक्त क्रमांक असलेला अर्धवट लेखक पाठवायचा. एरर जाते, पण कॅस्केड मर्ज लावलेलं असेल तर पुस्तक दुरुस्त करताना लेखकाचं नावच कोरं होऊ शकतं.

माझं म्हणणं असं, की कंट्रोलरने एन्टिटी थेट घेऊच नये. शीर्षक आणि लेखकाचा क्रमांक एवढंच असलेला वेगळा क्लास घ्यावा, ज्याला डीटीओ म्हणतात. क्रमांकावरून लेखक शोधावा. सापडला तर जोडावा, नाही तर 'असा लेखक नाही' हे स्पष्ट सांगावं. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, लागू देत.

इग्नोरलाही जागा आहे. लेखकात पुस्तकं, पुस्तकात पुन्हा लेखक, असं चक्र उत्तर पाठवताना सुरू होतं, तिथे लेखकाच्या पुस्तकयादीवर ते शोभतं. पण जी माहिती आपल्याला हवी आहे, तिच्यावर नाही.

शेवटी जुनं रजिस्टर काढून ४० लेखक आम्ही पुन्हा भरले. नातू कुरकुरला नाही. असो. तुम्हीही कधी अशी एरर गप्प बसवली आहे का?